रविवारची मनोरी : पर्यटनाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मालाडहून मार्वेला यायचं, धक्क्यावर फेरीबोटीचं तिकीट काढायचं आणि खाडी ओलांडून मनोरीत उतरायचं, हा उपनगरांतल्या मुंबईकरांचा रविवारचा जुना बेत. बोटीने काही मिनिटांत गाठता येणाऱ्या या गावाला रस्त्याने जायचं तर भाईंदर, उत्तन, गोराई असा मोठा वळसा पडतो. गाव इतकं जवळ, तरी त्याच्याबद्दल आणि एकूणच फिरण्याबद्दल बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत.

गैरसमज : आपले लोक पूर्वी फिरत नसत, ती हौस इंग्रजांनी लावली.

पंढरीची वारी डोळ्यांसमोर असताना हे कोणी म्हणावं, याचंच नवल वाटतं. पर्यटनाचा जनक म्हणून इंग्रज थॉमस कुक यांचं नाव घेतात. 5 जुलै 1841 रोजी त्यांनी एक शिलिंगात सुमारे 500 माणसं लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेली, ती दारूबंदीच्या सभेला. कुक यांच्या कंपनीने 1881 मध्ये मुंबईत कचेरी उघडली आणि 1886 च्या सुमारास सरकारने हजला जाणाऱ्यांच्या प्रवासाची व्यवस्था तिच्याकडे सोपवली. म्हणजे सहलींचा धंदा उभा करणाऱ्यालाही इथे यात्रेकरूच भेटले. बार्शी लाइट रेल्वे 1906 मध्ये पंढरपूरला पोचली, तेव्हा वारी कित्येक शतकं जुनी झालेली होती.

माणूस एकाच कारणासाठी घर सोडतो असंही नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये पोटाची चिंता, तीर्थांची ओढ आणि नवं पाहण्याचं कुतूहल असं सगळंच एकत्र आहे.

गैरसमज : हाती पैसा आला म्हणून सामान्य माणूस फिरू लागला.

पैसा लागतोच, पण त्याआधी मोकळा दिवस लागतो. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेऊन ती मागणी पुढे आणली. गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती 1890 मध्ये, आणि साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली 1891 मध्ये. आज मार्वेच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहणाऱ्या किती जणांना लोखंड्यांचं नाव ठाऊक असेल? आपल्या रविवारवर या माणसाचं मोठं ऋण आहे, आणि शाळेत ते ठळकपणे शिकवलं जायला हवं.

वाहनही लागतं. विरारहून बॅकबेपर्यंत 1867 मध्ये गाडी धावू लागली आणि जानेवारी 1928 मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेवरची लोकल सुरू झाली. भरपगारी रजेचा हक्क 1948 च्या कारखाना कायद्याने पक्का केला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात विश्रांती आणि ठरावीक काळाने मिळणारी भरपगारी सुट्टी हा माणसाचा हक्क मानला गेला. यानंतर आकडे कसे फुगले पाहा. परदेशी जाणाऱ्या पर्यटकांच्या फेऱ्या जगभरात 1950 मध्ये सुमारे अडीच कोटी होत्या. 2019 मध्ये त्या 140 कोटींच्या पुढे गेल्या. मार्वेहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा माणूस या मोजणीत कुठेच नाही.

गैरसमज : मनोरी म्हणजे ‘मिनी गोवा’, आणि इथले ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजांचे वंशज.

ही दोन्ही विधानं चूक आहेत. मनोरी ते उत्तन या पट्ट्याला धारावी बेट म्हणतात. वसईच्या 1534 च्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला. मधल्या दोनशे वर्षांत इथल्याच कोळी, शेतकरी आणि इतर कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही माणसं इथलीच आहेत आणि त्यांची बोली मराठीचीच आहे. नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोव्याच्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. लुगडं, लग्नातला ‘उंबराचं पाणी’ हा विधी, तळलेले फुगे आणि बाटलीत ठासून भरलेला बॉटल मसाला ही या समाजाची खास ओळख. तिला गोव्याची नक्कल म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

गैरसमज : समुद्रकिनारा मौजेसाठीच असतो.

किनाऱ्यावर हवा खायला जाण्याची रीत फार जुनी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरांनी समुद्राचं पाणी औषध म्हणून सांगितलं आणि ब्रायटनला रोग्यांची रीघ लागली. मौजमजा मागाहून आली. आपल्याकडे किनारा म्हणजे आधी रोजीरोटी. भरती-ओहोटीच्या ओढीवर डोल जाळी लावायची, बोंबील आणायचे आणि उन्हात वाळत घालायचे, हे काम धारावी बेटाच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मासळी वाळवायच्या जागेत गाडी लावणं म्हणजे कुणाच्या तरी कारखान्यात घुसणं.

पर्यटक आले की गावाचं भलंच होतं, हेही आपोआप घडत नाही. डबा, पाणी आणि बाटल्या शहरातूनच घेऊन आलेला पाहुणा मागे फक्त कचरा ठेवतो. गावाला मिळकत होते ती फेरीबोटीच्या तिकिटातून, गावातल्या घरी राहिल्या-जेवल्याने, कोळणीकडून सुकी मासळी घेतल्याने. तेव्हा मनोरीला जरूर जा, पण खर्च गावातच करा, कचरा परत न्या, आणि पावसाळ्यात कोळी बांधव पाण्यात उतरू नका म्हणाले तर ऐका.