नऊ महिने नऊ दिवस

‘नऊ महिने नऊ दिवस पोटात वाढवलं’ हे शब्द कानावर पडले नाहीत असा मराठी माणूस विरळाच. आईचे उपकार सांगताना ते हटकून येतात. परंतु या नऊ महिन्यांत पोटात नेमके काय घडते असे कुणी विचारले, तर आपण कला शाखेची मुले-मुली बहुधा गप्प बसतो. दहावीनंतर विज्ञान सुटलेले असते आणि घरी हा विषय बायकांच्या कुजबुजीपलीकडे जात नाही. आमच्या पिंपळगाव राजातही तीच रीत. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे वहिनीला दिवस गेले तेव्हा आशाताईंनी दिलेले माता-बाल संरक्षण कार्ड वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. वाचताना पडलेल्या प्रश्नांची उत्तरे मी पुस्तकांतून शोधली. त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवते.

प्रथम दिवसांचा हिशेब पाहू. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते, म्हणजे बाळाचे खरे वय २६६ दिवसांचे. पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवावेत, हा नियम एकोणिसाव्या शतकात नेगेले या जर्मन डॉक्टरच्या नावाने रूढ झाला. आपल्या आज्यांच्या हिशेबात आणि त्याच्या हिशेबात फरक फक्त दोन दिवसांचा!

स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांचा संयोग गर्भाशयात नव्हे, तर त्याला जोडलेल्या बीजवाहक नलिकेत होतो. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असे विभाजन होत तो गोळा पुढे सरकतो आणि सुमारे आठवडाभराने गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. बीजातील गुणसूत्रांपैकी २३ आईची आणि २३ वडिलांची असतात. त्यांपैकी एका जोडीवर लिंग ठरते. आईकडून नेहमी ‘एक्स’च येते, वडिलांकडून ‘एक्स’ आले तर मुलगी, ‘वाय’ आले तर मुलगा. म्हणजे निवड कुणाच्याच हातात नाही, पण फरक पडतो तो वडिलांच्या बीजामुळे. तरीही ‘मुलीच होतात’ म्हणून बोल लागतो तो सुनेला. २०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८५५. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला होता आणि देशाचा कायदा १९९४ चा आहे. जिजाऊंचा जन्म ज्या जिल्ह्यात झाला, त्या जिल्ह्याचा हा आकडा आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाच्या टप्प्याकडे वळू. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात गर्भ म्हणजे जेमतेम एक चपटी चकती. तिच्या पाठीवर एक पन्हळ पडते, तिचे काठ जुळून नळी होते, आणि याच नळीपासून पुढे मेंदू व मज्जारज्जू घडतात. ही नळी २८ दिवसांच्या आत मिटते. ती नीट मिटली नाही तर बाळाच्या मेंदूत किंवा पाठीच्या कण्यात जन्मभराचे व्यंग राहू शकते. ते टाळण्यास फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व मोठी मदत करते. हृदयाचे ठोके बाविसाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होतात. त्या वेळी आईची पाळी जेमतेम आठवडाभर लांबलेली असते. पुष्कळदा तिला शंकाही आलेली नसते! आठ आठवडे पूर्ण होतात तेव्हा गर्भाची लांबी अवघी तीन सेंटिमीटर. पण हात, पाय, बोटे, डोळे, कान या साऱ्यांचा आराखडा तयार असतो.

येथे भाषेच्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतातील ‘दोहद’वरून आला. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भिणी दोन हृदयांची होते, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. महिन्याचा हिशेब आज बदलला, पण एका देहात दोन हृदये ही कल्पना खरीच आहे.

बाळ पोटात जेवते कसे? गर्भाशयाला चिकटलेली वार आणि तिला बाळाशी जोडणारी नाळ हे काम करतात. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. आईचे व बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेतील अतिशय पातळ पडद्यातून प्राणवायू व अन्नरस बाळाकडे जातात आणि टाकाऊ द्रव्ये आईकडे परततात. मात्र तंबाखूतील निकोटीन आणि दारू यांना हा पडदा अडवू शकत नाही.

पाचव्या महिन्याच्या सुमारास आईला बाळाची हालचाल जाणवू लागते. सहाव्या-सातव्या महिन्यात त्याला आवाज ऐकू येतात. २८ आठवड्यांना वजन साधारण एक किलो असते. उरलेले दीड-दोन किलो शेवटच्या तीन महिन्यांत वाढते. फुप्फुसेही याच काळात पक्व होतात. सातव्या महिन्याचे बाळ जगते, आठव्याचे जगत नाही, असा समज ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. पोटात जितके दिवस अधिक, तितकी फुप्फुसे तयार आणि तितकी जगण्याची शक्यता अधिक.

दुसरा समज याहून घातक. आमच्याकडे म्हाताऱ्या बाया सांगतात, “जास्त खाऊ नको, लेकरू मोठं झालं तं अडते.” या सल्ल्यामागे बाळंतपणात दगावलेल्या बायकांची आठवण आहे, म्हणून त्याची टिंगल करवत नाही. पण उपाशी आईचे बाळ अशक्त जन्मते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २७०० ग्रॅम भरले. २५०० ग्रॅमच्या खाली ते कमी वजनाचे धरतात. ज्या माता दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला यांना खेड्यात तोटा नाही. तोटा आहे तो सुनेच्या ताटात त्या पडण्याचा. सर्वांची पंगत उठल्यावर ती जेवते, तेव्हा भाजीचे भांडे रिकामे झालेले असते.

रक्ताची गोष्टही तीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवतींचे हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी आढळले. वहिनीचेही कमीच होते. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते म्हणून घाबरून तिने त्या डब्यात तशाच ठेवल्या होत्या. ते लोहामुळेच होते, भिण्याचे कारण नाही, एवढे कळल्यावर ती नियमाने घेऊ लागली. अडचण हट्टाची नव्हती, कुणी समजावून न सांगितल्याची होती.

शेवटी जन्म. कळा सुरू होतात, गर्भाशयाचे तोंड हळूहळू दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते आणि बाळ डोके वळवीत बाहेर येते. आजवर पाण्याने भरलेली फुप्फुसे पहिल्या श्वासाबरोबर हवेने भरतात. पोटात असताना रक्त फुप्फुसांना वळसा घालून जावे म्हणून हृदयात एक झडप उघडी असते. तीही आता मिटते. काही मिनिटांत एवढी उलथापालथ! त्यानंतर वार पडते. पहिल्या तासाभरात बाळाला आईचा चीक मिळावा. तो फेकून देणे म्हणजे बाळाचे पहिले संरक्षण फेकणे होय.

वाचकहो, या साऱ्यातून मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. आपल्याकडे गर्भारपणाचे कौतुक सुरू होते ते सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाला. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी, सारे गोड आहे. पण तोवर बाळाचा मेंदू, हृदय, हात, पाय घडून कितीतरी महिने लोटलेले असतात. सर्वांत नाजूक घडण होते ती कुणालाच काही ठाऊक नसताना, आणि त्या वेळी उपयोगी पडते ते आईच्या अंगात आधीपासून असलेले रक्त आणि बळ. ते चार दिवसांत येत नाही. ते मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असल्यापासून साठवावे लागते. तिचे लग्न लवकर उरकले, तिला शेवटी वाढले, तर नंतरच्या डोहाळजेवणाने ती भर निघत नाही.

म्हणून हा विषय केवळ विज्ञान शाखेचा किंवा केवळ बायकांचा नाही. आपल्या वर्गातील मुली उद्याच्या आया आहेत, तसे मुलगे उद्याचे बाप आहेत. आपापल्या घरी बहीण जेवायला कधी बसते आणि तिच्या ताटात काय असते, एवढे आज रात्री प्रत्येकाने पाहावे. पुढच्या पिढीची काळजी तेथूनच सुरू होते.