घर मिळालं, शेजार हरवला

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद ही घर बांधायची तिथली जुनी रीतच माणसांच्या जिवावर उठली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घरं पक्की झाली, रस्ते रुंद झाले, आखणी काटकोनात झाली. तरीही एखाद्या शहरी कॉलनीसारख्या या गावांशी जुळवून घेणं अनेक कुटुंबांना जड गेलं, असं नंतरच्या अभ्यासकांना आढळलं. ‘मातीची ओढ, दुसरं काय!’ असं म्हणून आपण हा विषय सहसा संपवतो. पण जागेचा लळा मातीमुळे लागत नाही. तो रोजच्या वावरातून आणि त्या वावरात जुळलेल्या नात्यांतून लागतो. म्हणूनच तो जसा तुटतो, तसा पुन्हा जोडताही येतो.

यातल्या वावराची बाजू मेंदूविज्ञानाने बरीच उलगडली आहे. उंदीर ठरावीक ठिकाणी पोचला की त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ठरावीक पेशी सक्रिय होतात, हे लंडनमध्ये जॉन ओकीफ यांनी 1971 साली दाखवलं. नॉर्वेतल्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना 2005 साली लगतच्या भागात अंतराचं मोजमाप ठेवणाऱ्या पेशी सापडल्या. या तिघांना 2014 चं नोबेल मिळालं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हाच हिप्पोकॅम्पस घडलेल्या प्रसंगांची स्मृती घडवायलाही लागतो. अपस्माराच्या उपचारासाठी 1953 साली एका अमेरिकी रुग्णाच्या मेंदूतला हा भाग दोन्ही बाजूंनी बऱ्याच अंशी काढला, त्यानंतर त्याला नवे प्रसंग लक्षात ठेवता येईनात. उंदराच्या पेशींवरून माणसाच्या व्याकुळतेचं कारण सांगता येत नाही, हे खरं. पण ‘काय घडलं’ आणि ‘कुठे घडलं’ यांची नोंद मेंदू जवळजवळ एकाच ठिकाणी ठेवतो, एवढं त्यातून नक्की कळतं. ओळखीची वाट नाहीशी झाली की आठवणींना हात घालायची एक जागाही जाते.

नात्यांची बाजू स्पष्ट झाली ती बॉस्टनमध्ये. तिथली वेस्ट एंड ही मुख्यतः स्थलांतरितांची, दाटीवाटीची वस्ती. सरकारदरबारी ती बकाल ठरली आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिच्यावर बुलडोझर फिरला. मानसशास्त्रज्ञ मार्क फ्राइड यांनी तिथून हललेल्या कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या आणि 1963 साली निष्कर्ष मांडले. 46 टक्के स्त्रिया आणि 38 टक्के पुरुष यांच्यात बऱ्यापैकी तीव्र शोकाची लक्षणं दिसत होती, जवळचं माणूस गेल्यावर दिसतात तशी. वस्तीशी आणि तिथल्या माणसांशी ज्यांचा घरोबा जास्त, त्यांचं दुःखही जास्त. कागदोपत्री बकाल असलेली वस्ती लोकांच्या लेखी तशी नव्हती. सोयी आणि सौंदर्य हेच जिव्हाळ्याचं कारण असतं, तर हा शोक झालाच नसता.

या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन पुन्हा किल्लारीकडे पाहू. नव्या गावांत घराचं क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवर ठरलं: 250, 400 किंवा 750 चौरस फूट. पुष्कळ ठिकाणी एका मापाची घरं एका रांगेत आली, त्यामुळे भावकी आणि जुना शेजार विखुरला. जुन्या गावठाणात अरुंद बोळातून जाता-येता चार दारांशी बोलणं व्हायचं. नवं गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरलेलं, म्हणून त्याच भेटीसाठी आता मुद्दाम उठून जावं लागू लागलं. पुढे लोकांनी या घरांना पत्र्याच्या खोल्या जोडल्या, कुंपणं घातली, झाडं लावली. हे आराखड्यात नव्हतं, पण त्यामुळेच ती घरं त्यांची झाली.

यावर पहिला आक्षेप असा की, ओढ एवढी पक्की असेल तर लाखो लोक आपणहून गाव का सोडतात? ते सोडतात, पण नाती सोबत नेतात. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरचे कामगार गावकीच्या खोल्यांत राहिले, गोव्याच्या खलाशांनी गावाच्या नावाने कूड, म्हणजे सामाईक निवास, उभारले. शिवाय आपण निवडलेलं जाणं वेगळं आणि लादलेलं वेगळं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जुनं गाव सगळ्यांनाच हवंसं होतं का? गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी 1948 साली संविधान सभेत गावाच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, ती याचमुळे. पण यामुळे आपला मुद्दा बळकटच होतो. जागेचा अर्थ तिथल्या नात्यांवर ठरत असेल, तर जाचक नात्यांच्या जागेतून सुटका वाटणं ओघानेच आलं. किल्लारीतही भूकंपानंतर अनेकांना जुन्या जागी राहायचंच नव्हतं. त्यांना जागा बदलून हवी होती, शेजार मोडून नको होता.

म्हणून पुनर्वसनात जुनं गाव जसंच्या तसं उभारायचा हट्ट नको, आणि घरं मोजून काम संपलं असं मानणंही नको. धरण, महामार्ग, दरड किंवा इमारतीचा पुनर्विकास, कारण काहीही असो, आराखड्यावर पहिली रेघ मारण्याआधी प्रत्येक कुटुंबाला एक प्रश्न विचारला पाहिजे: तुम्हाला शेजारी कोण हवं? या प्रश्नाला खर्च फार येत नाही. तो न विचारल्याची किंमत मात्र विस्थापितांना वर्षानुवर्षं मोजावी लागते.