चंदा मागणाऱ्यालाही उस्ताद हवा

रमजानचा पहिला अशरा संपला की आमच्या गादीसमोर चपलांची रांग वाढू लागते. कुणी मदरशाचे सफीर असतात, कुणी अनाथालयाचे, कुणी आपल्याच गावच्या शाळेचे. त्यांत एखादा विशी-बाविशीचा मुलगा हमखास असतो. हातात कोरे पावतीबुक, तोंडी पाठ केलेली चार वाक्ये, आणि नजर आमच्याकडे नव्हे तर गल्ल्याकडे. आम्ही पन्नास-शंभर काढून देतो, तो पावती फाडतो आणि पुढच्या दुकानाची पायरी चढतो. दोघांचीही सुटका होते. पण त्या शाळेत किती मुले शिकतात, हे आम्हाला कळत नाही. आम्ही कोण, हे त्याला कळत नाही. पुढच्या साली तो येत नाही, दुसराच कुणी येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले लोक. आमच्याकडे पोरगा आधी कांडी भरायला बसतो. मग बीम भरणे, ताणा जोडणे, तुटलेला धागा आवाजावरून ओळखणे हे सारे तो मेस्त्रीच्या शेजारी उभे राहून शिकतो. त्यानंतर कुठे माग त्याच्या ताब्यात मिळतो. शिंपी असो, सुतार असो की मोटारीचा मिस्त्री, उस्तादाशिवाय हातात हुन्नर येत नाही हे आपणा सर्वांना मान्य आहे. मग कौमच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, अनाथ मुलांसाठी निधी गोळा करणे हे काम मात्र बिनउस्तादाचे कसे? ज्याला दुसरे काम नाही त्याच्या हाती पावतीबुक द्यावे, असे आपण का समजतो?

पिशवी उचलण्याचे दोन रमजान

आमचे नशीब चांगले की आम्हाला उस्ताद मिळाला. साल १९९२. आमचे वय वीस-बावीसच्या आसपास होते. मोहल्ल्यातील शाळेच्या नव्या खोल्यांसाठी चंदा सुरू होता. एका पेढीवर मुनीम राहिलेले एक बुजुर्ग ते काम पाहत. सगळे त्यांना मुनीमचाचा म्हणत. त्यांनी आम्हाला सोबत घेतले, पण पहिले दोन रमजान आमचे काम एकच होते : पिशवी उचलणे आणि गप्प बसणे.

आम्हाला राग येई. आपण मॅट्रिक झालेले, उर्दू तकरीरीत इनाम मिळवलेले, आणि चाचा तोंड उघडू देत नाहीत. नंतर कळले की त्या दोन वर्षांत आम्ही जे पाहिले, ते कोणत्याही किताबात नव्हते.

चाचा मजुरांच्या पगार-वाटपाच्या दिवशी मागवाल्याकडे कधीच जात नसत. पाली-बालोत्र्याचे पेमेंट अडकले असेल तर कापडवाल्याकडे जात, पण मागायला नव्हे. सलाम करत, खैरियत विचारत आणि उठत. "बेटा, तंगीच्या दिवसांत जो नुसता भेटायला येतो, त्याला माणूस बरकतीच्या दिवसांत विसरत नाही," असे ते म्हणत.

त्यांच्याजवळ एक लाल कापडी बांधणीची वही होती. तीत रकमा होत्याच, पण रकमांपेक्षा दुसरेच जास्त होते. कुणाच्या मुलीचे लग्न ठरले, कुणाचे माग विकले गेले, कुणाच्या वालिदांनी याच शाळेत चार इयत्ता काढल्या. कुणाचे जकातीचे साल कोणत्या महिन्यात पुरे होते, हेही त्यांनी लिहून ठेवले होते. सगळेच रमजानमध्ये जकात काढत नाहीत. ज्याचे साल रज्जबमध्ये पुरे होते त्याच्याकडे रज्जबमध्येच जायला हवे, ही साधी गोष्ट आजही कित्येक संस्थांना ठाऊक नाही.

पाच रुपये देणाऱ्या कामगाराची पावतीही चाचा तितक्याच सावकाश, पूर्ण नाव विचारून लिहीत. कुणी नाही म्हटले तर त्यालाही दुआ देऊन उठत. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे निकाल लागला की ते पुन्हा त्याच दुकानांची फेरी करत. हाती पावतीबुक नसे, निकालाचा कागद असे. "तुमच्या पैशातून इतकी मुले पास झाली," एवढे सांगून येत. मागायला एकदा जायचे आणि हिशेब सांगायला दोनदा, हा त्यांचा कायदा होता.

आमच्या हातून झालेली चूक

आता जे सांगतो ते सांगायला आम्हाला शरम वाटते, पण सांगितल्याशिवाय लेख पुरा होत नाही.

चाचा अल्लाहला प्यारे झाले. काही वर्षांनी एका संस्थेच्या वसुलीची जबाबदारी आमच्यावर आली. २०१४ साली आम्ही एक पदवीधर तरुण पगारावर घेतला. हुशार, अदबीचा, गरीब घरचा. आम्ही त्याला दोन पावतीबुके दिली, एक जकातीचे आणि एक इमारत फंडाचे. यादी दिली, रकमेचे लक्ष्य दिले आणि म्हटले, जा. धंद्याच्या गडबडीत आम्ही त्याच्यासोबत एकाही दुकानाची पायरी चढलो नाही.

दोन पुस्तकांमधला फरक त्याला कुणी समजावून दिला नव्हता. हनफी मसल्यानुसार जकात हक्कदाराला मालक करून द्यावी लागते. ती गरीब विद्यार्थ्यासाठी चालते, इमारतीच्या विटा-सिमेंटमध्ये चालत नाही. इमारतीसाठी इमदाद, म्हणजे आपखुशीची देणगी वेगळी घ्यावी लागते. देणाऱ्याला "ही रक्कम कोणत्या मदीची?" हे विचारणे ही या कामाची बाराखडी आहे. त्या मुलाने विचारले नाही. जे पुस्तक वर आले त्यातली पावती फाडली.

महिनाभरात बोभाटा झाला. एका जकात देणाऱ्याच्या हाती इमारत फंडाची पावती पडली होती. त्याने भर बाजारात मुलाला चार शब्द सुनावले. कमिटीची बैठक बसली, कुणीतरी चोर हा शब्दही उच्चारला. आम्ही त्याच बैठकीत हजर होतो आणि गप्प राहिलो. मुलाने पुस्तके, रोकड आणि घराची ओळखपत्रे टेबलावर ठेवली आणि निघून गेला. पुढे आठ दिवस बसून हिशेब लावला. एक रुपया कमी नव्हता, फक्त पुस्तके चुकली होती.

त्या साली आमची वसुली निम्म्यावर आली, पण पैसा पुन्हा जमवता येतो. एका इमानदार मुलाचे नाव खराब झाले, आणि ते त्याच्या चुकीमुळे नव्हे, आमच्या आळसामुळे.

इतिहास काय सांगतो

मोठ्या संस्था कशा उभ्या राहिल्या ते पाहा. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलिगढला मदरसा सुरू केला आणि पुढे त्याचे कॉलेज केले. त्यासाठी ते स्वतः गावोगाव फिरले, १८८४ मध्ये पंजाबचा दौरा केला, टोमणे खाल्ले. पण ते एकटे नव्हते. त्यांच्या सोबत वावरून तयार झालेले साथी होते. १८९५ मध्ये कॉलेजच्या दफ्तरात लाखावर रकमेचा अपहार उघडकीस आला, १८९८ मध्ये सर सय्यद गेले, तेव्हा कॉलेज बुडणार असे अनेकांना वाटले. नवाब मोहसिन-उल-मुल्क यांनी ते सावरले. पुढे १९११ च्या सुमारास आगाखान विद्यापीठाच्या निधीसाठी हिंडले तेव्हा त्यांच्यासोबत मौलाना शौकत अली फिरत होते. १९२० मध्ये विद्यापीठ झाले. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती झोळी दिली, पण कशी पसरावी हे शिकवून दिली.

आपल्या महाराष्ट्रातही असेच घडले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले वयाने मोठ्या झाल्यावर लिहायला-वाचायला शिकल्या. आश्रमात राहून, कर्व्यांचे काम जवळून पाहून त्या वर्गणीसाठी फिरू लागल्या. इंग्रजी धड येत नसताना १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, तिथे घरकाम करून राहिल्या आणि आश्रमासाठी पैसा जमवून परतल्या. कोणत्या कॉलेजात त्या हे शिकल्या? सोबतीने शिकल्या.

मेहनताना आणि इज्जत

काही ठिकाणी चंदा करणाऱ्याला गोळा केलेल्या रकमेचे टक्के दिले जातात. अनेक मुफ्तींनी हा व्यवहार नाजायज ठरवला आहे, कारण मेहनताना आधी ठरलेला नसतो. योगायोग पाहा, अमेरिकेत निधी जमवणाऱ्यांची १९६० मध्ये स्थापन झालेली संघटना आहे, तिच्या नीतिनियमांतही टक्केवारीवर मेहनताना घेण्यास मनाई आहे. टक्केवारीवाला आजची रक्कम पाहतो, उद्याचे नाते पाहत नाही. सूरह तौबामध्ये जकातीच्या आठ हक्कदारांत जकात वसूल करणारेही मोजले आहेत. म्हणजे हे काम भिकाऱ्याचे नाही, जबाबदारीचे आहे. त्याला ठरलेला पगार द्यावा, इज्जत द्यावी आणि शिकवणारा द्यावा.

शिकायचे आता पूर्वीपेक्षा जास्तच आहे. २०१७ च्या वित्त कायद्याने दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलत बंद केली. २०२१-२२ पासून संस्थांना देणगीदारांचा तपशील आयकर खात्याला कळवणे आले. पावतीवर पॅन नंबर का हवा, हे देणाऱ्याला न चिडवता कसे सांगावे, हेही एक हुन्नरच आहे. आणि इथे शागिर्दही उस्तादाला शिकवतो. आमच्या पोरांनीच आम्हाला क्यूआर कोड आणि संगणकावरची यादी शिकवली. चाचांची लाल वही आज संगणकात आहे, पण तिच्यात काय लिहायचे ते चाचांचेच आहे.

काय करता येईल

त्या चुकीनंतर आम्ही तीन गोष्टी पाळतो. नवा माणूस पहिला रमजान जाणत्याच्या सोबतच फिरतो. दर आठवड्याला दोघे चहा घेत बसतात आणि कुठे नकार मिळाला, का मिळाला, यावर बोलतात. आणि चूक झाली तर बैठकीत पहिले उत्तर जाणता देतो, शागिर्द नव्हे.

गेल्या साली आम्ही त्या तरुणाच्या दुकानी गेलो. आज त्याचे मोबाईलचे दुकान आहे. आम्ही माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग चहा मागवला. निघताना त्याने पाचशेची नोट पुढे केली आणि विचारले, "साहेब, ही जकात आहे. पावती कोणत्या पुस्तकातली फाडणार?" आम्ही जकातीचे पुस्तक उघडून त्याच्यासमोर ठेवले. हात मात्र कापत होता.

व्यापारी बंधूंनो, तुमच्यापैकी कित्येकांनी आता गादी मुलांच्या हाती दिली आहे. बाजारातला प्रत्येक माणूस तुम्ही ओळखता. कोण केव्हा देतो, कशाने दुखावतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. हा तजुर्बा कबरीत नेऊन काय उपयोग? रक्कम तर तुम्ही देताच. या साली आपल्या संस्थेच्या एखाद्या मुलाला आपल्या वर्षातले दोन महिने द्या. त्याच्यासोबत पायऱ्या चढा, आणि पिशवी त्याला उचलू द्या.