खोली दिली म्हणजे पगार फिटला का?

बीड, अंबाजोगाई, परळीत अपार्टमेंट उभी राहिली, तसा जिन्याखालच्या खोलीत बायको-लेकरांसह राहणारा वॉचमनही आला. त्याचा पगार ठरवताना सोसायटीच्या बैठकीत काही वाक्यं हमखास ऐकू येतात. त्यांतली बरीचशी चुकीची आहेत.

‘खोली, लाइट, पाणी फुकट, मग पगार थोडा कमी चालतो.’
नाही चालत. १९४८च्या किमान वेतन कायद्याने वेतनाच्या व्याख्येतून घर, वीज आणि पाण्याची किंमत वगळली होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेनेही ती वगळली आहे. त्यामुळे खोलीची किंमत धरून किमान वेतनाचा आकडा भरून काढता येत नाही. घरभाडं कापायचंच असेल, तर कामगाराची मान्यता हवी आणि कपात खोलीच्या मोलापेक्षा जास्त नको. मुळात ती खोली सोसायटीच्याच सोयीची असते. रात्री दोनला गेट उघडायला माणूस हाताशी लागतो, म्हणून ती दिलेली असते.

‘जोडप्याला मिळून एक पगार.’
आपल्या जिल्ह्यात ही सवय खोल मुरली आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, उचलही जोडीच्या नावाने घेतली जाते. तोच हिशेब अपार्टमेंटमध्ये आला. नवरा गेटवर, बायको जिने झाडते, टाकीची मोटर लावते, कचरा काढते. तिचं नाव मात्र कुठल्याच वहीत नसतं. सोसायटी तिच्याकडून रोज ठरलेलं काम करून घेत असेल, तर त्या कामाचा मोबदला तिचा स्वतःचा आहे. मला या सगळ्यात हा अन्याय सर्वांत मोठा वाटतो, कारण तो कुणाला अन्याय वाटतच नाही.

‘सोसायटी म्हणजे उद्योग नव्हे, आपल्याला कायदा नाही.’
सर्वोच्च न्यायालयाचा सोम विहार या सोसायटीबाबतचा निकाल यासाठी पुढे केला जातो. तो औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘उद्योग’ या व्याख्येपुरता होता, किमान वेतनाचा नव्हता. किमान वेतनाचा जुना कायदा अनुसूचीत नोंदलेल्या कामांनाच लागू होता. संहितेने ती अनुसूचीच काढून टाकली.

‘त्याने कमी पगारावर सही केली आहे.’
कायद्याने मिळणारी रक्कम सोडून देणारा करार संहितेनुसार रद्दबातल असतो.

किमान वेतनाचा दर किती, याचं एकच उत्तर नाही. तो कामाचा प्रकार आणि परिमंडळ पाहून ठरतो, विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. चालू दर सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावा.

वॉचमनदादांनी आणि ताईंनी कामाचे दिवस व हाती आलेले पैसे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.