मागाला मिळाला संगणक

आपला कापूस सूत होऊन भिवंडीसारख्या गावी यंत्रमागावर चढतो. तेथील अनेक माग अजून साध्या धोट्याचे आहेत. उभा धागा तुटला, की तो कामगाराच्या नजरेला पडेपर्यंत कापडात दोष विणला जातो.

संगणकी मागाला धोटा नसतो. धागा तुटताच तो आपोआप थांबतो. नक्षीही संगणकात भरलेली असते.

युक्ती मात्र जुनीच. १८०४ साली फ्रान्सच्या जाकार याने पुठ्ठ्यांना भोके पाडून नक्षी विणवली. भोक असेल तेथे धागा उचलला जाई. १९५२ साली अमेरिकेत भोकांच्या पट्टीवर चालणारे धातू कापण्याचे यंत्र दाखवले गेले. पुढे पट्टीची जागा संगणकाने घेतली.

अशा मागांवर माणसे कमी लागतात. पण संगणक हुकमाचा ताबेदार: चुकीची नक्षी भरली, तर तीही तो इमानाने विणतो. म्हणून सूत ओळखणारा, यंत्र दुरुस्त करणारा जाणकार लागतोच. तेव्हा मुलाला मागावर धाडायचे असेल, तर आधी आयटीआयमध्ये घाला. नुसत्या हातांपेक्षा शिकलेले हात टिकतील.