रोजची मोटार आणि सुटीची मोटार

मोटार ही चैनीची वस्तू की गरजेची, हा वाद आता जुना झाला. नवा प्रश्न असा की, ज्या घरात एकाऐवजी दोन मोटारी आल्या आहेत, त्या घराने दोन विम्यांचा भार कसा उचलावा? हा प्रश्न चंदीगडच्या परिसरात विशेष जाणवतो. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने आखलेल्या या नगरीचे रस्ते रुंद, सेक्टर एकमेकांपासून दूर, आणि हिमालयाची पहिली शिखरे मात्र तासा-दीड तासाच्या अंतरावर. नगरीला लागूनच मोहालीच्या सेक्टर 81 मध्ये 'नॉलेज सिटी' वसली आहे. 2007 साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था तेथेच आहे. अशा संस्थांच्या निमित्ताने देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे येथे येतात. त्यांत महाराष्ट्रातलीही असतात.

समजा, असे एक मराठी कुटुंब आहे. प्रयोगशाळेत, शाळेत, बाजारात जाण्यासाठी त्याने येथे एक लहान मोटार घेतली. पुण्याहून आणलेली जुनी, मोठ्या इंजिनाची गाडी त्याला विकवत नाही. ती शनिवार-रविवारी परवाणूचा घाट चढून कसौलीला किंवा मोरनीच्या टेकड्यांवर जाते, आणि उरलेले पाच दिवस इमारतीच्या तळघरात उभी असते. वर्षअखेर दोन्ही गाड्यांच्या विम्याचे कागद समोर येतात, तेव्हा यजमानाच्या मनात साहजिक विचार येतो : जी गाडी वर्षातून पन्नास-साठ दिवसच रस्त्यावर येते, तिच्यासाठी पुरा हप्ता का भरावा?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मोटारीचा विमा म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. एका विमापत्रात वस्तुतः दोन निरनिराळे करार असतात. पहिला करार त्रयस्थासाठी, म्हणजे आपल्या गाडीने ज्याला इजा होईल त्याच्यासाठी असतो. दुसरा करार आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी असतो. पहिला कायद्याने सक्तीचा आहे, दुसरा ऐच्छिक आहे. पहिल्याचा दर सरकार ठरवते, दुसऱ्याचा दर विमा कंपनी ठरवते. काटकसरीचा सारा विचार या भेदावर उभा आहे.

त्रयस्थाच्या विम्याची सक्ती इंग्लंडात 1930 च्या कायद्याने आली. आपल्याकडे 1939 च्या मोटार वाहन कायद्यात ती घालण्यात आली व 1 जुलै 1946 पासून अमलात आली. आजचा कायदा 1988 चा असून त्याच्या 146 व्या कलमान्वये सार्वजनिक जागी असा विमा नसलेली गाडी वापरता येत नाही. नियम मोडणाऱ्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात. 'वापर' म्हणजे केवळ चालणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. 1987 साली सातारा जिल्ह्यात महामार्गावर पेट्रोलचा टँकर अपघातात उलटला, आणि काही तासांनी त्याचा स्फोट होऊन माणसे दगावली. टँकर तेव्हा निश्चल पडलेला होता. तरीही तो वापरातच होता, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली दिला.

पण दंडाची रक्कम ही या प्रकरणातली सर्वांत लहान रक्कम होय. खरी रक्कम न्यायाधिकरणाच्या हिशेबात दिसते. कसौलीच्या वळणावर सुटीच्या गाडीखाली एक मनुष्य सापडला आणि दगावला, असे समजू. वय 32, स्वतंत्र व्यवसाय, महिन्याची मिळकत 20,000 रुपये, मागे चार आश्रित. वर्षाची मिळकत 2,40,000 रुपये झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली घालून दिलेल्या रीतीप्रमाणे भावी वाढीपोटी 40 टक्के मिळवले की 3,36,000 होतात. मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 2,52,000 उरतात. या वयासाठी 2009 च्या निर्णयातला गुणक 16 आहे. गुणाकार 40,32,000 रुपये होतो, आणि अंत्यविधी वगैरे बाबींच्या ठराविक रकमा याहून वेगळ्या. विमा चालू असेल आणि त्याच्या अटी पाळलेल्या असतील, तर ही रक्कम कंपनी भरते, कारण मृत्यू व शारीरिक इजा यांपुरती तिची जबाबदारी अमर्याद असते. विमा नसेल तर ती मालकाच्या घरादारातून वसूल होते, आणि मालक असमर्थ ठरला तर ते चार आश्रित उघडे पडतात.

याच्यासमोर हप्ता ठेवून पाहावा. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत खासगी मोटारीच्या त्रयस्थ विम्याचा वार्षिक हप्ता 1000 घन सेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाला 2,094 रुपये, 1500 पर्यंत 3,416 रुपये व त्यावर 7,897 रुपये असा ठरला. कर वेगळा. गाडी रोज धावते की रविवारीच, याचा येथे विचार नाही. सुटीच्या गाडीच्या मालकाला हे अन्यायाचे वाटेल. परंतु अपघाताला एकच दिवस पुरतो. शिवाय क्वचित चालणारी गाडी बहुधा अनोळखी घाटात, दाट धुक्यात किंवा परतीच्या घाईत चालते. म्हणून या भागात कात्री लावण्याचा विचार मुळातच सोडावा.

काटकसरीला जागा आहे ती दुसऱ्या भागात. स्वतःच्या गाडीच्या विम्याचा दर 1 जानेवारी 2007 पासून सरकारी दरपत्रकातून मुक्त झाला, आणि 1 सप्टेंबर 2019 पासून हा भाग स्वतंत्र विमापत्र म्हणूनही घेता येऊ लागला. तेव्हा दोन-तीन कंपन्यांकडून दर मागवणे, हे पहिले काम.

दुसरे काम गाडीचे मूल्य पाहण्याचे. विमापत्रात गाडीचे एक घोषित मूल्य लिहिलेले असते. नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा होतो : दुसऱ्या वर्षात 20 टक्के, तिसऱ्या वर्षात 30, चौथ्यात 40, पाचव्यात 50. पाच वर्षांनंतर हे मूल्य कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. गाडी चोरीस गेली तर याच मूल्याच्या आधारे भरपाई मिळते, आणि दुरुस्तीचा खर्च मूल्याच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकालात निघाली असे मानतात. रोजची गाडी नवी असेल तर तिला पूर्ण विमा हवा. घसारा न कापता भरपाई देणारे जोडकलमही सुरुवातीची काही वर्षे उपयोगाचे, कारण एरवी प्लास्टिक व रबराच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. बारा वर्षांच्या गाडीचा हिशेब निराळा. तिची बाजारातली किंमत दीड लाख असेल आणि ती गेल्याने घराचे काही अडणार नसेल, तर त्रयस्थ विम्याला फक्त आग व चोरीची जोड द्यावी, किंवा तेवढ्यावरच थांबावे. जे नुकसान सोसवेल त्याचा विमा न घेतला तरी चालतो. जे सोसवणार नाही त्याचा मात्र घेतलाच पाहिजे.

तिसरी सवलत भरपाई न मागितल्याची. सलग वर्षे दावा नसेल तर स्वतःच्या गाडीच्या हप्त्यात अनुक्रमे 20, 25, 35, 45 व 50 टक्के सूट मिळते. समजा मूळ हप्ता 12,000 रुपये आहे व यंदा 35 टक्के सूट आहे. गाडीला ओरखडा आला, दुरुस्ती 3,000 रुपयांची. सक्तीची वजावट 1,000 धरली तर हाती येतील 2,000 रुपये. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी हप्ता 6,600 रुपये, केला तर 12,000. दोन हजारांसाठी 5,400 गमावणे हा शहाणपणा नव्हे. ही सूट गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकली तरी ती तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येते. मात्र एकच सूट दोन गाड्यांना मिळत नाही, आणि मुदत संपून नव्वद दिवस उलटले की ती नष्ट होते. सुटीच्या गाडीच्या बाबतीत विस्मरण सहज होते, म्हणून दोन्ही विम्यांच्या तारखा जवळजवळ आणाव्यात.

चौथी गोष्ट वैयक्तिक अपघात विम्याची. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याने 15 लाख रुपयांचा असा विमा घ्यावा लागतो. 2019 च्या आरंभापासून तो गाडीच्या विम्यातून अलग करण्यात आला. एकाच माणसाच्या नावे दोन गाड्या असतील तर तो एकदाच पुरतो. दुसऱ्या विमापत्रात त्याचा पैसा पुन्हा लागला आहे काय, हे तपासावे. दुसरी गाडी पत्नीच्या नावे असेल व ती स्वतः गाडी चालवत असेल, तर तिचा विमा वेगळा लागतो.

पाचवी सोय नवी आहे. जुलै 2022 मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, गाडी किती किलोमीटर चालते त्यावर हप्ता ठरवण्यास आणि एकाच व्यक्तीच्या अनेक गाड्यांना एका छत्राखाली घेण्यास परवानगी दिली. सुटीच्या गाडीला किलोमीटरचा करार शोभून दिसतो. तथापि ठरलेले किलोमीटर संपल्यावर काय होते, हे सही करण्यापूर्वी वाचावे. दिवाळीत गाडी पुण्याला न्यायची असेल तर ही मर्यादा एका प्रवासातच संपण्याजोगी असते.

काही बचती मात्र खोट्या असतात. 2023 च्या जुलैत चंदीगडवर एका दिवसात 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि परिसरातील सखल वस्त्यांत पाणी शिरले. पूर हा विम्यातील मान्य धोका आहे. पण पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू केल्याने इंजिन मोडले, तर ते नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळे जोडकलम लागते. तळघरात उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याची गरज अधिक. आणि पाणी शिरलेली गाडी चालू करू नये, ती ओढून न्यावी, ही खबरदारी तर फुकटच आहे.

तसेच पुण्याच्या नोंदणीची गाडी पंजाबात बारा महिन्यांहून अधिक राहिली तर कायद्याच्या 47 व्या कलमाप्रमाणे तिला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो मिळताच विमा कंपनीला कळवून विमापत्रात दुरुस्ती करून घ्यावी. कागदावरची गाडी आणि दारातली गाडी यांत अंतर पडले की दाव्याच्या वेळी वाद निर्माण होतो.

सारांश, दोन गाड्यांचा विमा स्वस्त करण्याचा मार्ग दोन्ही विमे पातळ करण्यात नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी असलेला भाग दोन्ही गाड्यांना पूर्ण ठेवावा, आणि आपल्या पत्र्यासाठी व रंगासाठी असलेला भाग प्रत्येक गाडीचे मूल्य व वापर पाहून बेतावा. सुटीची गाडी मालकाच्या दृष्टीने सुटीची असेल. रस्ता ओलांडणाऱ्याला ती रोजच्या गाडीइतकीच जड असते.