बोगद्यात रेंज नसते

खेड सुटून फार वेळ झालेला नाही आणि मांडवी एक्स्प्रेस बोगद्यात शिरते. समोरच्या बाकावर आईच्या मांडीत बसलेल्या पोराच्या हातातलं गाणं अचानक थांबतं. जांभळा हत्ती एक पाय वर करून तसाच राहतो आणि त्याच्या पोटावर पांढरं चक्र फिरायला लागतं. पोरगं बोटानं हत्तीला ढकलून बघतं. पुन्हा ढकलतं. मग फोन आईच्या तोंडासमोर धरतं.

"लाव."

"रेंज गेली रे बाळा. आत्ता येईल."

"लाव!"

दोन-सव्वादोन वर्षांच्या जिवाला रेंज म्हणजे काय ते कसं कळावं? आत्तापर्यंत आईनं हात लावला की गाणं लागत होतं, आता ती लावत नाहीये, एवढंच त्याला दिसतं. तो ताठ होतो, पाय झाडतो आणि किंचाळतो. बोगद्याच्या भिंतींवर आपटून गाडीचा आवाज दुप्पट झालेला असतो, त्यात ही किंकाळी. साइड बर्थवरच्या बाई मान वळवून म्हणतात, "मोबाइलची सवय लावली की असंच होतं." पेपरवाले काका जिभेनं "च्" करतात.

काकांचं हे "च्" आजचं पहिलं नाही. माणगावच्या आसपास पोराला झोप येत होती आणि लागत नव्हती, म्हणून ते कुरकुरत होतं. तोपर्यंत फोन पर्सच्या बाहेरसुद्धा आलेला नव्हता. आईनं थोपटलं, पाणी दिलं, बिस्किट दिलं, उभं राहून झुलवलं. तेव्हा काका म्हणाले होते, "जरा गप्प करा हो त्याला." त्यानंतर दोन मिनिटांत फोन निघाला. डबा शांत झाला, काकांनी पान उलटलं. म्हणजे त्या पोराच्या हातात फोन दिला तो एकट्या आईनं नव्हे, आम्ही सगळ्यांनी मिळून दिला. आणि आता तोच फोन बंद पडल्यावर बोलणी मात्र तिला एकटीला.

हे मला फार लागतं. लहान मुलाच्या रडण्यावर कपाळाला आठ्या घालायच्या आणि त्याच्या हातातल्या मोबाइलवर नाकही मुरडायचं, हे दोन्ही एकाच माणसानं करू नये. ती बाई दादरला पहाटेची आवरून चढली आहे. एक मोठी बॅग, एक पिशवी, एक पोर. कुडाळला माहेरी निघाली आहे, नवऱ्याला दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत सुट्टी नाही. दादर ते कुडाळ म्हणजे नऊ-दहा तासांचा प्रवास. तिनं काय करावं, हे सांगायला डब्यात बरेच जण आहेत.

गाडी उजेडात येते. रेंज मात्र येत नाही, कारण लगेच पुढचा बोगदा. कोकण रेल्वे ही अशीच आहे. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, आणि त्यात नव्वदहून जास्त बोगदे. इथे चालू व्हिडिओवर भिस्त ठेवून निघालेल्या आईची गाठ थेट सह्याद्रीशी पडते.

"रडांदे गो तेका," खिडकीपासून दुसऱ्या जागेवरच्या आजी म्हणतात. कणकवलीला उतरणार आहेत. "पोर रडतला नाय तर काय म्हातारी रडतली?"

मग त्या शेजारच्या, खिडकीतल्या मुलाच्या गुडघ्यावर चापट मारतात. कॉलेजातला असावा, कानात इअरफोन आहेत. त्याचेही रील्स बोगद्यात अडकलेत आणि तो बहुधा दिवा स्टेशननंतर पहिल्यांदाच मान वर करून इकडे-तिकडे बघतोय.

"झिला, तू वायच हयसर ये. तेका खिडकीत बसूंदे."

तो लगेच उठतो. मनापासून उठतो, "हो हो, बसवा ना" म्हणत. त्याला सकाळपासून कुणी विचारलंच नव्हतं. आणि आईनंही विचारलं नव्हतं, कारण रिझर्वेशनची जागा दुसऱ्याची, तिची मधली. पोरगं दादरपासून मधल्या जागेवर, दोन मोठ्या माणसांच्या दंडांमध्ये, समोरच्या बाकावरच्या गुडघ्यांकडे बघत बसलं होतं. वर बघितलं तर प्रत्येकाच्या हातात फोन. त्यानं फोन मागितला यात नवल ते काय!

आता तो खिडकीत उभा आहे. आजींनी त्याच्या चड्डीचा पट्टा मागून घट्ट धरला आहे. हुंदके अजून चालू आहेत, पण तोंड बाहेर. भाताची कापणी चालली आहे. बायका ओळीनं वाकल्यात, बांधावर पेंढ्या पडल्यात, मोकळ्या झालेल्या खाचरात बगळे उतरलेत.

"त्ये बग बगळे."

हुंदका.

"किती रे? धा?"

पोरगं बोट वर करतं. बगळे मागे गेले, बोट तसंच. मग एक म्हैस येते, मग एक सायकल, मग काहीच नाही, नुसती करवंदीची जाळी खिडकीला जवळजवळ घासत जाते. मग गाडी मोठं वळण घेते, आणि आमच्याच गाडीचं इंजिन, त्यामागचे डबे, सगळं लांबवर बाकदार दिसायला लागतं. पोरगं श्वास रोखतं.

"गाडी!"

"आपलीच गाडी ती," मी म्हणते. "आपण तिच्यातच बसलोय."

तो माझ्याकडे बघतो, खिडकीकडे बघतो, पुन्हा माझ्याकडे. ज्यात आपण बसलोय तेच बाहेर कसं दिसतं, हे कोडं त्या कपाळावर स्पष्ट वाचता येतं. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं आहे. मुलाच्या चेहऱ्यावर असा विचार उमटताना बघण्यासाठी मी अजूनही कितीही वेळ थांबेन. जांभळा हत्ती हा विचार देऊ शकत नाही, कारण तो पोराकडे बघत नाही. त्याला प्रश्न विचारला तर तो थांबत नाही, पोरगं गोंधळलं तर पुन्हा सांगत नाही. या वयाची मुलं पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडून जास्त शिकतात, हे संशोधनातही पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

चिपळूणला वडे येतात. आई दोन घेते, कागदात तसेच ठेवते. खायला हात मोकळा नाही.

"मला कळतं हो सगळं," ती माझ्याशी बोलते, पण पोरावरची नजर काढत नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय. घरी आम्ही देतच नाही. पण गाडीत माणसं अशी बघतात, की वाटतं उतरून जावं."

तिला मी काय सांगणार? कागदावरचे नियमही तिच्याइतके कडक नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको, कमी तेवढं बरं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, २०२१ च्या मार्गदर्शनात दोन वर्षांपर्यंत पूर्ण बंदीच सांगितली, एक सवलत ठेवून: नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी तर २०१६ मध्ये प्रवासाचाही विचार केला. विमानप्रवासासारख्या वेळी मूल शांत करायला पडद्याचा उपयोग होतो, असं ते मान्य करतात. त्यांची काळजी पुढची आहे. मूल रडलं की पडदा, हा एकच उपाय झाला, तर ते स्वतःला शांत करायला कधी शिकणार?

समजा, या पोराला आज तो एक तास दिला. दहा तासांतले नऊ उरतात. ते नऊ तास एकट्या आईनं कुठून आणायचे? ते आमच्याकडे आहेत. आजींकडे, त्या कॉलेजातल्या मुलाकडे, माझ्याकडे, काकांकडेही. दिवसभराच्या गाडीत कुणालाच कुठे जायचं नसतं.

संगमेश्वरनंतर आजी खिडकीतून पुढे वाकतात. त्यांना हा रस्ता पाठ आहे. उक्षी मागे पडली की करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. २०१३ मध्ये काश्मीरचा पीर पंजाल झाला, तोवर देशातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा हाच होता.

"येतलो हां आता. येतलो... येतलो... इलो बोगदो!"

"आऽऽऽ!" आजी ओरडतात. पंच्याहत्तरीच्या बाई, नऊवारीतल्या, डोळे मिटून, मोठ्यानं. पोरगं क्षणभर भेदरतं, आईकडे बघतं. आई हसते आहे. मग तोही तोंड उघडतो. कॉलेजातला मुलगा ओरडतो, मी ओरडते, पलीकडच्या कंपार्टमेंटमधून दुसऱ्या कुठल्या तरी मुलांचा "आऽऽऽ" येऊन मिळतो. पाच-सहा मिनिटं गाडी डोंगराच्या पोटात आहे आणि तेवढा सगळा वेळ पोराचा दम संपत नाही. मघाशी ज्या अंधारानं त्याचं गाणं हिरावलं, तोच आता त्याला हवा आहे. बाहेर आल्याबरोबर तो आजींचा पदर ओढतो.

"पुन्ना बोगदो!"

काका पेपर घडी करून वरच्या बर्थवर जातात. बोलत काहीच नाहीत.

खिडकी कायमची पुरत नाही, हेही खरंच. रत्नागिरीपर्यंत त्याला तिचा कंटाळा येतो. स्टीलच्या डब्याचं झाकण उघड-बंद करणं बराच वेळ चालतं. मग कॉलेजातला मुलगा त्याला बोट धरून डब्याच्या टोकापर्यंत नेऊन आणतो, वाटेत सगळ्यांना टाटा होतो. घाटातल्या एसटीत यातलं काहीच करता येत नाही. तिथे फोन द्यायचाच नसतो, कारण नागमोडी रस्त्यावर खाली मान घालून बघितलं की कानातला तोल आणि डोळ्यांना दिसणारं जुळत नाही, आणि घाट संपेपर्यंत पोर ओकतं. गाडीत निदान चालायला जागा आहे.

तरीही दीड वाजून गेल्यावर त्याचं अंग जड होतं, डोळे चोळले जातात आणि कुरकुर सुरू होते. झोप येते आहे, जागा आपली नाही, गादी आपली नाही. आई त्याला मांडीवर आडवं घेते, तो उसळून उठतो. आजी झोका देऊन बघतात. मी गोष्ट सांगून बघते. काही चालत नाही.

"देते आता," आई म्हणते. आवाजात परवानगी मागितल्याचा सूर आहे. तो कशाला हवा?

"दे की," मी म्हणते.

पण या वेळी ती नीट देते. व्हिडिओ घरून डाउनलोड करून आणलेत, ते मघाच्या गडबडीत तिच्या लक्षातच आलं नव्हतं. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होत नाही, हा त्यातला मोठा फायदा. बंद करण्याची वेळ यंत्र ठरवत नाही, आपण ठरवतो. ती त्याच्यासमोर बोटं धरते. "दोन गाणी. मग बंद." कॉलेजातला मुलगा फोन स्वतःच्या हातात धरतो, थोडा लांब, आवाज बारीक, आणि चित्रात येईल ते त्याला विचारत राहतो. "हे कोण? आणि हे?" पोरगं उत्तरं देतं, अर्धी मालवणीत. सकाळपासूनची आजींची शिकवणी आहे.

आई कागद उलगडते. चिपळूणचा वडा गार झालेला आहे. ती खायला लागते.

पहिलं गाणं संपतं. दुसरं संपतं. पडदा काळा होतो.

"अजून."

"दोन झाली," मुलगा म्हणतो. "बंद."

"अजून!" आणि भोकाड. ताठ होणं, पाय झाडणं, सगळं मघासारखंच. साइड बर्थवरच्या बाई मान वळवतात. आजी त्यांच्याकडे बघतात, नुसत्या बघतात, आणि बाई मान परत फिरवतात. आईचा हात वड्यावरून निघून पोराकडे जायला लागतो.

"जेव गो तू आधी," आजी पोराला स्वतःकडे ओढून घेत म्हणतात. "हो खंय पळतलो? रडान झाला की निजतलो."